मधला स्पीकर

होम थिएटर घ्यायला गेलेला माणूस दुकानात साधारण तीन प्रश्न विचारतो. वॉट किती, बेस कसा आहे आणि मागचे स्पीकर भिंतीला ठोकायचे तर वायर पुरेल का. दुकानदारही त्याला हेलिकॉप्टर नाहीतर डायनोसॉर ऐकवतो. हेलिकॉप्टर डोक्यावरून मागे जातं, गिऱ्हाईक मान वळवतं, सौदा होतो. मधल्या स्पीकरबद्दल कुणी काही विचारत नाही. टीव्हीखाली आडवा ठेवायचा तो लांबट डबा घरी जागा कमी पडली की सगळ्यात आधी कपाटात जातो. पुढे दोन आहेतच की!

खरं तर सिनेमातले बहुतेक सगळे संवाद याच डब्यातून येतात. आणि सराउंड साउंडचा इतिहास नीट पाहिला तर तो मागच्या स्पीकरांचा कमी आणि या मधल्या स्पीकरचाच जास्त आहे. तो एकदा सापडला, मग हरवला, आणि घरात परत यायला त्याला तीस वर्षं लागली. हरवला तोही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने.

सुरुवात १९३१च्या लंडनमधून करू. बोलपट येऊन चारच वर्षं झाली होती. ॲलन ब्लूमलाइन नावाचा ईएमआय कंपनीतला तरुण इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, आणि त्याला एक गोष्ट खटकली असं सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो, पण त्याचा आवाज मात्र जागचा हलत नाही. स्पीकर एकच, आवाज येणार तिथूनच. आपल्याला वाटेल, यात काय एवढं? पण ब्लूमलाइनला त्यात आख्खा प्रश्न दिसला. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला, त्यात तब्बल सत्तर दावे होते. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे, दोन वाहिन्या एकाच तबकडीवर कशा कोरायच्या, सिनेमात त्या कशा वापरायच्या, सगळं त्यात होतं. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, तो जवळजवळ पूर्ण या कागदांमध्ये आहे. ब्लूमलाइनला मात्र त्याचं पीक पाहायला मिळालं नाही. ७ जून १९४२ रोजी विमानातल्या नव्या रडारची चाचणी चालू असताना ते विमान कोसळलं आणि तो गेला. वय ३८.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येत होती. त्यांची कल्पना मोठी सुंदर होती. रंगमंचासमोर मायक्रोफोनचा पडदाच टांगायचा, शेकडो मायक्रोफोन. आणि दुसऱ्या सभागृहात तितक्याच स्पीकरांचा पडदा. म्हणजे इकडचा वाद्यवृंद तिकडे जसाच्या तसा उभा राहील. प्रत्यक्षात शेकडो वाहिन्या कुठून आणणार? मग कमीत कमी किती पुरतील, हे ते तपासत गेले आणि तीनवर येऊन थांबले. डावी, मधली, उजवी. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात टेलिफोनच्या तारांवरून तीन वाहिन्यांमध्ये ऐकवला गेला. नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वाद्यवृंदासमोर नव्हते. ते वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची बटणं फिरवत होते.

तीन का? कारण सभागृहात हजारो माणसं बसतात आणि त्यातली फारच थोडी बरोबर मधोमध असतात. ही गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

दोन स्पीकरांमधून एकच आवाज एकाच वेळी, सारख्या ताकदीने आला तर तो मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. तिथे काहीही नसतं, पण कान शपथेवर सांगेल की गायिका तिथेच उभी आहे. हा आभासी मध्य. अट एकच, तुम्ही दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर हवेत. समजा दोन स्पीकर दोन मीटर अंतरावर आहेत आणि तुम्ही समोर अडीच मीटरवर, तीन जणांच्या सोफ्यावर, डाव्या टोकाला बसला आहात. म्हणजे मधल्या रेषेपासून साधारण सत्तर सेंटिमीटर बाजूला. आता डावा स्पीकर तुमच्यापासून अडीच मीटरवर आहे आणि उजवा तीन मीटरवर. फरक अर्ध्या मीटरचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. दीड मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. मेंदूला तसं वाटत नाही. जो आवाज आधी पोचला तोच खरा, आणि मागून आलेला त्याचा प्रतिध्वनी, असा त्याचा हिशेब असतो. १९४९मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने या हिशेबाची पद्धतशीर मोजणी केली. त्याचं नाव या परिणामाला चिकटलं ते कायमचं. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला गायिका मध्ये दिसते आणि डाव्या डब्यात ऐकू येते. मध्ये खराखुरा स्पीकर असेल तर ही भानगडच उरत नाही. कुठेही बसा, आवाज मधूनच येणार.

सिनेमावाल्यांना हे फार लवकर कळलं. डिस्नेच्या १९४०च्या ‘फँटासिया’साठी, ज्यात पुन्हा स्टोकोव्स्कीच होते, ‘फँटासाउंड’ नावाची यंत्रणा बनवली गेली. पडद्यामागे तीन वाहिन्या, आणि काही प्रसंगी आवाज प्रेक्षागृहाच्या भिंतींवरूनही येई. इतकी महाग आणि अवजड की ती मोजक्या शहरांपलीकडे गेली नाही, त्यात महायुद्ध. पण १९५३मध्ये ‘द रोब’ या सिनेमास्कोपच्या पहिल्या चित्रपटाने पायंडा पाडला. फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्टे, त्यांवर चार वाहिन्या. तीन पडद्यामागे, एक प्रेक्षागृहात. ही चौथी वाहिनी बहुतेक वेळ रिकामी असायची आणि तिची खरखर ऐकू यायची. म्हणून एका उच्च स्वराच्या इशाऱ्याने ती गरजेपुरती चालू आणि मग बंद करायची सोय होती. मागचे स्पीकर तेव्हाही पाहुणे कलाकारच होते.

आता घराकडे वळू. १९५०च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्ड कंपन्यांना घरात स्टिरिओ विकायचा होता. बेल लॅबचे तीन वाहिन्यांचे निष्कर्ष चोवीस-पंचवीस वर्षं जुने होते, कुणापासून लपलेले नव्हते. अडचण तबकडीची होती. तबकडीवरच्या खाचेला भिंती असतात दोन. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा, सुई दोन्ही भिंतींवरून एकाच वेळी घसरते. ब्लूमलाइनच्या पेटंटमध्ये हीच युक्ती होती आणि १९५७-५८मध्ये ती उद्योगाचं प्रमाण झाली. तिसऱ्या वाहिनीला तिसरी भिंत हवी, ती खाचेला नाही. बस, एवढ्यावरून ठरलं. जगभरच्या घरांमध्ये स्पीकरची जोडी आली, मधला गेला, आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागलं की माणसाला कान दोन म्हणून स्पीकर दोन. हे कारण इतकं पटण्यासारखं आहे की अजूनही लोक ते छातीठोकपणे सांगतात.

त्यातून घरात एक खुर्ची तयार झाली. संगीत ‘नीट’ ऐकायचं तर तिथेच बसायचं. घरातल्या इतरांनी कुठेही बसावं, त्यांचं ऐकणं म्हणजे ओझरतं. स्टिरिओ घेणारा जो कमावता पुरुष असे त्याची ती खुर्ची, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे तेव्हा हा प्रश्न घरात नव्हताच, कारण घरात रेडिओ होता आणि त्याला स्पीकर एक. पण थिएटरात फरक कळत होता. १९७५च्या १५ ऑगस्टला ‘शोले’ आला. मूळ चित्रीकरण ३५ मिलिमीटरवर, मग ते फुगवून ७० मिलिमीटरच्या प्रिंट काढल्या आणि त्यांवर सहा ट्रॅकचा चुंबकीय स्टिरिओ. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. नाणं उडवल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली नाणं शोधायचे, ही आठवण त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, स्वतः पाहिल्यासारखी सांगेल. खरीखोटी देव जाणे. गंमत म्हणजे लॅमिंग्टन रोड हाच मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ज्या रस्त्यावर लोकांनी गब्बरला चहूबाजूंनी ऐकलं, त्याच रस्त्यावर पुढे त्यांची मुलं होम थिएटरच्या खोक्यांचा भाव करत होती.

दरम्यान पाश्चात्त्य कंपन्यांनी १९७०च्या दशकात घरात चार स्पीकर घुसवायचा मोठा प्रयत्न केला. नाव क्वाड्रोफोनिक. दोन पुढे, दोन मागे. सीबीएसची पद्धत वेगळी, सान्सुईची वेगळी, जेव्हीसीची तिसरीच. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजत नव्हती. दशक संपायच्या आत बाजार बसला. अपयशाचं खापर या भांडणावर फोडलं जातं, ते बरोबरच आहे. पण मला वाटतं, भांडण नसतं तरी ते फार टिकलं नसतं. चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि मध्य कुठेच नाही! पूर्वी निदान डाव्या-उजव्याचीच रेषा सांभाळायची होती. आता पुढच्या-मागच्याचीही आली. संपूर्ण खोलीत एक जागा बरोबर, बाकी सगळ्या चूक. घरच्यांनी ती व्यवस्था बाहेर काढायला फार वेळ लावला नसणार.

क्वाड्रोफोनिक मेलं, पण त्याचं गणित जिवंत राहिलं. चार वाहिन्या दोन वाहिन्यांत घडी घालून ठेवायच्या आणि वाजवताना उलगडायच्या, हे ते गणित. ते उचललं डॉल्बीने.

डॉल्बी म्हटलं की आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. कानठळ्या, पोलिसांची बंदी, दुसऱ्या दिवशी पेपरात डेसिबलचे आकडे. त्या भिंतीचा डॉल्बी कंपनीशी सुतराम संबंध नाही. रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनिअरचं नाव झालं ते आवाज कमी करण्यासाठी. टेपवर जी बारीक सुस्कार ऐकू येते ती घालवण्यासाठी. १९६३ ते ६५ तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडच्या सेंट्रल सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स ऑर्गनायझेशनमध्ये होता. इथून तो लंडनला गेला आणि १९६५मध्ये कंपनी काढली. खरखर घालवणाऱ्या माणसाचं नाव महाराष्ट्रात गोंगाटाला मिळालं, याला काय म्हणावं!

तर डॉल्बीने १९७०च्या दशकाच्या मध्यावर साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या दोन ऑप्टिकल ट्रॅकमध्ये चार वाहिन्या बसवल्या. घडी घालायची पद्धत सोपी आहे. मधला आवाज दोन्ही ट्रॅकमध्ये सारखाच घालायचा. मागचा आवाजही दोन्हींत घालायचा, पण एकात उलटा. म्हणजे एका ट्रॅकमध्ये लाट वर जाते तेव्हा दुसऱ्यात खाली. वाजवताना दोन ट्रॅकची बेरीज केली की मधला मिळतो आणि वजाबाकी केली की मागचा. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’नंतर थिएटरवाल्यांना ही यंत्रणा घ्यावीच लागली. भारतात तिचं आगमन उशिरा झालं. १९९४चा ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ डॉल्बी स्टिरिओतला पहिला भारतीय चित्रपट म्हणून ओळखला जातो.

आणि इथे एक मजेशीर अपघात झाला. हे सिनेमे व्हिडिओ कॅसेटवर आले तेव्हा त्यांचे दोन ट्रॅक जसेच्या तसे कॅसेटवर उतरले. घडी घातलेल्या चार वाहिन्यांसकट! लोकांच्या फडताळात सराउंड साउंड पडून होता आणि त्यांना पत्ता नव्हता. हौशी मंडळींना मात्र डेव्हिड हाफ्लरची युक्ती ठाऊक होती. मागचा स्पीकर डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या दोन धन टोकांमध्ये जोडायचा, की तारच वजाबाकी करून देते. ना डीकोडर, ना जास्तीचा ॲम्प्लिफायर. (आजच्या ॲम्प्लिफायरवर हा प्रयोग करू नका. बऱ्याच यंत्रांत दोन्ही वाहिन्यांचं ऋण टोक सामाईक नसतं, जळायची शक्यता आहे.)

१९८२मध्ये घरासाठी अधिकृत डॉल्बी सराउंड डीकोडर आले. त्यांनी काय दिलं? डावा, उजवा आणि मागचा. मधला पुन्हा नाहीच. घरासाठी विकायचं तर मागून येणारा आवाज विकावा, तोच दिसतो, हा दुकानदारी हिशेब तेव्हापासूनचा. १९८७मध्ये प्रो लॉजिक आलं आणि त्याने पहिल्यांदा घरातल्या टीव्हीपाशी मधला स्पीकर परत आणून ठेवला. तबकडीच्या दोन भिंतींनी घालवलेला मध्य तीस वर्षांनी सिनेमाच्या वाटेने घरी आला.

त्याच वर्षी, १९८७मध्ये, ‘५.१’ हा आकडाही जन्मला. सिनेमासाठी डिजिटल आवाजाच्या किती वाहिन्या लागतील यावर अमेरिकेत तंत्रज्ञांची समिती चर्चा करत होती, तिथे टॉमलिन्सन होल्मनने उत्तर दिलं ‘पाच पॉइंट एक’. पाच पूर्ण वाहिन्या, आणि दणक्यांसाठी एक अशी जी फक्त १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज वाहते, म्हणून तिला पूर्ण एक म्हणायचं नाही. मांडणी मात्र त्याआधीची. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये वॉल्टर मर्चने मागची वाहिनी डावी-उजवी अशी वेगळी केली होती, हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती फिरवण्यासाठी. दुकानातलं हेलिकॉप्टर कुठून आलं ते आता कळलं असेल. पुढचं झरझर झालं. १९९२ला ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल, फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत छापलेलं, १९९३ला ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस, वेगळ्या सीडीवर, १९९६ला जपानमध्ये डीव्हीडी. आता वाहिन्यांची घडी घालायची गरजच उरली नाही. पाच म्हणजे खरोखर पाच.

एवढं सगळं ठाऊक असलं की दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ही यंत्रणा लावणं बरंच सोपं होतं. पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर. म्हणजे ते दोघे आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. मधला टीव्हीच्या खाली किंवा वर, पण तोंड कानाकडे; टेबलाच्या आत ढकलला तर आवाज आधी फळीवर आपटतो आणि शब्द चिखलात पडल्यासारखे येतात. खाली रबराचे दोन तुकडे घालून थोडा वर वाकवला तरी शब्द सुटे होतात. सराउंडची जागा सर्वसाधारण प्रमाणानुसार ११० अंशांच्या आसपास. म्हणजे कानांच्या बाजूला, किंचित मागे. पाठीमागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नाही. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो, मागे जागाच नसते, म्हणून लोक हताश होतात. व्हायचं कारण नाही, बाजूच्या भिंती पुरतात. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टाकायची सोय असते, तिथे टेपने मोजून खरा आकडा टाका. रिसीव्हर त्यावरून जवळच्या स्पीकरला थोडा थांबवतो. हासचाच हिशेब, उलट्या बाजूने.

सबवूफरचं वेगळं. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला सहसा सांगता येत नाही, त्यामुळे तो कुठेही ठेवता येतो. पण खोली त्याच्याशी खेळते. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट भिंतींमध्ये अडकून उभी राहते. एका जागी छाती हादरते आणि दोन पावलं पुढे काहीच नाही. जुना उपाय उत्तम आहे. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवायचा, बेसचं एखादं गाणं लावायचं आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे आवाज एकसारखा आणि गुबगुबीत न होता येतो तिथे सबवूफर ठेवायचा. घरातले हसतील. खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला येतील ते वेगळं. भिंतीला हात लावून ही लाट थांबत नाही. रिसीव्हरमधला नाइट मोड त्यासाठीच असतो. तो दणके दाबतो आणि कुजबुज वर उचलतो.

आज यातलं बरंच मागे पडतंय असं वाटू शकतं. २०१२मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉसमध्ये बऱ्याच आवाजांना वाहिनीच नसते. पाऊस ‘वर, डावीकडे, असा सरकत’ एवढी नोंद असते आणि घरात जितके स्पीकर असतील त्यांत यंत्र तो वाटून टाकतं. हेडफोनवर तर स्पीकरच लागत नाहीत. कानाच्या पाळीमुळे आवाजात जे बदल होतात तेच गणिताने घालून मेंदूला फसवता येतं, आणि डोकं वळवलं तरी संवाद फोनच्या पडद्यालाच चिकटून राहतात. प्रत्येकाला स्वतःचा मध्य, बरोबर मधोमध. एका सोफ्यावर चौघं, चौघांच्या कानात आपापला सिनेमा.

पण हेडफोन काढून फोनच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरवर तुम्ही चित्रपट लावता तेव्हा काय होतं ते पाहा. पाच वाहिन्या दोनांत बसवाव्या लागतात. मधल्या वाहिनीतला संवाद सुमारे ७१ टक्के ताकदीने डावीकडे आणि तितकाच उजवीकडे टाकला जातो. त्यात वरून पाऊस, पार्श्वसंगीत, गाड्या. मराठी सिनेमा पाहतानाही सबटायटल लावणारी मंडळी वाढली आहेत त्याची कारणं अनेक, नटांचं पुटपुटणंही आहेच. पण एक कारण हे.

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकरची यादी असते आणि मधल्या स्पीकरपुढे ‘नाही’ असा पर्याय असतो. जागा नाही म्हणून तो निवडला की यंत्र निमूटपणे तेच करतं, संवाद डाव्या-उजव्यात वाटून मोकळं होतं. मधे बसणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. तो निवडण्याआधी एकदा सोफ्याच्या त्या टोकाला बसा जिथे तुमची आजी बसते, आवाज तिला लागतो तेवढाच ठेवा आणि दोन माणसं हळू बोलतायत असा एखादा प्रसंग लावा.